कोऱ्या कागदावरच्या सह्या

आक्का, तुझा अर्ज लिहून झाला. गेल्या शुक्रवारी तो पुण्यात देऊनही आले. शिक्का मारलेली प्रत आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे, उडू नये म्हणून तिच्यावर चष्म्याचं घर ठेवलंय. उशीर झाला, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणून टाकते. तू गेलीस त्याला आज चोवीस दिवस झाले, आणि मी परभणीला परतून चार.

संध्याकाळचे साडेसहा अजून जड जातात. पंधरा वर्षं तुझा फोन त्याच वेळेला यायचा आणि मी तो खांद्याशी धरून एका हातानं चहा गाळायचे. "वच्छे, आज मी कुटं गेलते सांग बरं," अशी तुझी सुरुवात. "कुठं जाणार, बसली असशील बसमधी," असं माझं उत्तर. मग तू कोणत्या नंबरच्या बसनं कोणत्या टोकाला गेलीस, शेजारी कोण बसलं होतं, ती कुठल्या गावची, तिच्या सुनेचं काय चाललंय, हे सगळं सांगायचीस. मी निम्मं ऐकायचे. हे आता कबूल करते, कारण राहिलेलं निम्मं विचारायची सोय उरली नाही.

भेटायला येणारी माणसं पहिला प्रश्न विचारतात, "पुण्यात गेल्या म्हणं, गाडीनं उडवलं का?" इथल्या लोकांच्या मनात पुणं म्हणजे गाडीनं उडवणं. मी सांगते, तसं काही नाही. रविवारी सकाळी छातीत दुखायला लागलं, मुलानं लगेच दवाखान्यात नेलं, दुपारी संपलं. माझी बहीण रोज ओलांडायची त्या रस्त्याला ती पुरून उरली होती. हे सांगताना माझा आवाज जरा चढतो.

आपलं भांडण पुण्यावरून आहे असं सगळ्या घराला वाटायचं. खरं तर ते दस्तीवरून होतं. पुण्यात तिला रुमाल म्हणतात.

मी ताडकळसहून परभणीला अकरावीला जायला लागले, तेव्हाची गोष्ट. मला एकटीला पाठवायला दादा, म्हणजे आपले वडील, तयार नव्हते. सातवीनंतर तुझी शाळा त्यांनीच बंद केली होती. आता माझ्या सोबतीला कुणीतरी हवं, म्हणून तुला परभणीतल्या शिवणक्लासला घातलं. गावात मात्र "थोरलीला शिवण शिकवायलाव" असं सांगायचे. तुला शिवणाची काडीची आवड नव्हती. दोन वर्षांत तू जे काही शिवलंस त्यात धड वस्तू एकच, ती पांढरी दस्ती, हिरव्या दोऱ्याची कड घातलेली.

बाजाराच्या दिवशी स्टँडवर पाय ठेवायला जागा नसायची. बस वळण घेते न घेते तोच तू पळत सुटायचीस. सगळे दाराशी झोंबायचे, तू दाराकडं जायचीच नाहीस. टाचा उंचावून खिडकीतून दस्ती आत टाकायचीस, बरोबर सीटवर. दस्ती पडली की जागा धरली. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण आपल्याकडं तो मोडायची कुणाची टाप नव्हती. मग मी सावकाश, वह्या छातीशी धरून चढायचे आणि बसायचे. तू दांडीला धरून उभी. एकदा मी म्हटलं, "आक्का, आज तू बस की." तर म्हणालीस, "तुला आभ्यास हाय. मला काय, सुईत दोराच ववायचा."

या एका आठवणीवर मी तीस वर्षं शिकवलं, म्हटलं तरी चालेल. वर्गातल्या पोरांना सांगायचे, पुढं गेलेल्यानं मागच्याची जागा धरावी, बाकीचं पुस्तकात आहे. तुझं लग्न होऊन तू चुडाव्याला गेलीस, मी शिक्षिका झाले, परभणीत घर केलं. दाजी गेले, तुझ्या संतोषला पुण्यात कंपनीत नोकरी लागली आणि तू त्याच्यासोबत तिकडं गेलीस. आपल्या दोघींत तू पुढं आणि मी मागं, हे कधी बदललंच नाही.

पुण्यातल्या पहिल्या महिन्यातला तुझा तो फोन. तू आणि रेखा, तुझी सून, कुठंतरी निघाला होतात. सिटी बस आली, रेखा मागं राहिली होती. तू सवयीनं खिडकीशी गेलीस आणि दस्ती आत टाकलीस. आत बसलेल्या एका मुलीनं ती उचलली, झटकली, घडी घातली आणि खिडकीतून परत तुझ्या हातात दिली. "आजी, तुमचा रुमाल पडला," म्हणाली. बस निघून गेली. हे सांगताना तुला एवढं हसू येत होतं की शेवट तीनदा सांगावा लागला. "इतकी गोड बोलली बग वच्छे, मला तिच्यावर रागवताबी येईना." मी म्हणाले, बघ, त्या शहरात कुणी कुणाची जागा धरत नाही. मी हे जिंकल्यासारखं म्हणाले होते.

तुझं हसू थांबलं. मग विचारलंस, "तुला ती बाई आठवती का?"

"कोणती बाई?"

"ताडकळसच्या बसमधी. कडेवर लेकरू हुतं. आपल्या शीटापाशी आल्ती. म्या दस्ती दावली, म्हनले जागा धरलीय. ती काई बोलली न्हाई. पार परभनीपतूर हुभी व्हती लेकरू घिऊन."

मला कोणतीच बाई आठवत नव्हती. मी त्याच सीटवर बसले होते, पुस्तक उघडून.

"तू मान वर केली न्हाईस म्हनून तुला दिसली न्हाई," तू म्हणालीस. "म्या उभी व्हते, माज्या तोंडासमोरच ती हुती." त्या दिवसापासून तू दस्ती टाकायची बंद केलीस. आणि माझ्यातुझ्यात जे भांडण लागलं ते पंधरा वर्षं चाललं. माझं म्हणणं, दस्ती म्हणजे माया. तुझं म्हणणं, "माया आपल्याच मानसाची असती. तितं हुभ्या असलेल्याचं काय?"

शहराबद्दल तुझी मतं ऐकून माझ्या शाळेतल्या बाया हसायच्या. सातवी शिकलेली बाई, आणि रस्ते कसे असावेत ते सांगते. पण तू मतं टीव्हीवरून घेत नव्हतीस. पास काढायचीस आणि बस जाईल तिथपर्यंत जायचीस, शेवटच्या थांब्यापर्यंत. तिथं उतरून पाणी प्यायचीस, इकडंतिकडं बघायचीस आणि त्याच बसनं परत. "मागल्या वक्ताला हितं ज्वारी हुती, आता लिफ्ट हाय," असं तुझं वर्णन. मेट्रोत पहिल्यांदा बसलीस तेव्हा आत चप्पल काढून बसलीस. "लय साफ हाय गं, चपला घालून बसू वाटंना." रेखा लाजेनं अर्धी झाली होती.

चुडाव्याला तुझ्या सासरचं वावर कॅनॉलच्या चारीच्या अगदी शेवटाला होतं, टेलला. वरच्यांची भिजणं होऊन तुमच्यापर्यंत यायचा तो नुसता ओलावा. तू आणि दाजी किती वेळा त्या चारीच्या काठानं वर चालत गेलात, कुणी कुठं पाणी अडवलंय ते बघायला. म्हणून तू पुणंसुद्धा टेलवरून बघायचीस. "शहर वाढंना का, वाढू दे. पोटासाठी मानसं येनारच, आमीबी आलाव. पन बस म्हंजे पानी हाय वच्छे. आदी टेलला न्यावं, मंग भिजवत वर यावं. हे लोक वरच्याच वावराला पानी द्यायलेत." मेट्रो चांगली, पूल चांगला, सगळं चांगलं, पण टेलला काय पोचतं ते सांगा, एवढाच तुझा प्रश्न. मी भूगोल शिकवला सगळा जन्म, पण नगरनियोजनाचं एवढं सोपं वाक्य माझ्या पुस्तकात नव्हतं. हे तुला कधी बोलले नाही. उलट म्हणायचे, "आक्का, वावर काय नि शहर काय, कशाला काय जोडतेस."

एकदा बसमध्ये एक बाई तुला म्हणाली, तुम्ही बाहेरच्या लोकांनी येऊन गर्दी केली. मला फोनवर ऐकूनच संताप आला. मी असते तर तिला चार शब्द सुनावले असते. तू तिला काय म्हणालीस? "बाई, थांब्यावर दोघी येकाच रांगेत हुभ्या व्हताव. आता ह्यात भायेरची कोन? जो थांब्यावर हुभा, तो तितला." ती बाई पुढं तुझ्याकडून भाजणी न्यायला लागली.

आणि तुला ते शहर का आवडायचं, हे मला फार उशिरा कळलं. ताडकळसला घरातून स्टँडवर जाईपर्यंत तीन जण विचारायचे, कुठं चाललीस, कशाला चाललीस, कधी येशील. चुडाव्याला सासूला सांगितल्याशिवाय स्टेशनवरची गाडीसुद्धा बघायला जाता यायचं नाही. "हितं कुनी इचारत न्हाई गं," तू म्हणालीस, "पास दावला की बसले. पन्नाशी गाठल्यावर मी पहिल्यांदा कुनाला न सांगता कुटंतरी गेले." ज्या गर्दीला मी नावं ठेवत होते, त्या गर्दीत तू मोकळी होतीस.

तरी मी भांडायची सोडली नाही. म्हणायचे, एवढं मोठं शहर करायचंच कशाला, माणसं आपापल्या गावीच राहतील असं करा. तू शांतपणे विचारलंस, "असं तू आमोलला सांगितलंस का?"

अमोल माझा एकुलता एक. कॉलेजची चार वर्षं तो तुझ्या दोन खोल्यांत राहिला, हॉलमध्ये गादी टाकून. त्याच्या आधी आणि नंतर ताडकळसची, चुडाव्याची किती पोरं त्या गादीवर झोपून नोकरीला लागली, ते तुलाही सांगता आलं नसतं. अमोल तिकडंच नोकरीला लागला, तिकडंच घर बघायला लागला, आणि त्या दिवशी मी तुला बोलून गेले, "तुझ्या शहरानंच ठेवून घेतलं माझं पोरगं." तू "चहा उतू जाईल बग," म्हणालीस आणि फोन ठेवलास. दुसऱ्या दिवशी साडेसहाला नेहमीसारखा फोन आला. तू तो विषय काढला नाहीस, मीही काढला नाही. त्या चार वर्षांबद्दल तुझे उपकार मानायचे राहिले ते राहिलेच. जवळच्या माणसाला आभार मानले की परकं वाटतं, अशी आपण स्वतःची समजूत घालतो. ही समजूत खोटी आहे, आक्का. मानायला हवे होते.

आता अर्जाचं.

तुमच्या सोसायटीसमोर चक्कीचा थांबा होता. तिथली पिठाची गिरणी कधीच बंद पडली, कंडक्टर "गिरणी, गिरणी" ओरडायचा, पण तू शेवटपर्यंत चक्कीच म्हणालीस. रस्ता रुंद केला, मध्ये दुभाजक आला, त्याच्यावर जाळी आली, आणि थांबा उचलून मोठ्या चौकाच्या पलीकडं नेला. "येवढा रुंद केलाय रस्ता," तू सांगितलंस, "की पलीकडचं मानूस वळखू येईना. आमी म्हाताऱ्यांनी कसं जावं?" मी लगेच माझं घोडं पुढं दामटलं. "मग ये की परत. परभणीत ऑटो दारात येतो."

"तुमचा आटोवाला शीट भरल्याबिगर हलत न्हाई," तू म्हणालीस. "आन वच्छे, म्या परत यायचं इचारलं न्हाई. अर्ज लिहून दे म्हनले. सह्या झाल्यात."

"सह्या झाल्यात म्हणजे? कशावर?"

"कागदावर."

"कागदावर काय लिहिलंय?"

"काई न्हाई. ते तू लिवायचंस."

मी कपाळावर हात मारला. कोऱ्या कागदावर सही करू नये, हे मी चौथीच्या पोरांना शिकवत आले, आणि माझी सख्खी बहीण अख्ख्या थांब्याच्या सह्या कोऱ्या कागदावर घेऊन बसली होती. कुणी काय लिहील उद्या वरती, म्हटलं, घरं लिहून घेतील लोकांची. तुला ते पटेना. "त्येंला सांगितलंय की, माजी बहीन मास्तरीन हाय. ती उलटं लिवनार न्हाई." एवढ्यावर त्या सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. मला न बघता.

मी म्हणाले, लिहिते. आणि लिहिलं नाही. आधी दाढ दुखत होती. मग दिवाळी आली. मग अमोल आला म्हणून, मग तो गेला म्हणून. खरं कारण यातलं एकही नव्हतं. तो थांबा परत मिळाला तर तू आणखी दहा वर्षं तिथंच राहशील, आणि नाही मिळाला तर कदाचित कंटाळून माझ्याकडं येशील, असं माझ्या मनात कुठंतरी होतं. हे मी आज पहिल्यांदा शब्दांत मांडते आहे. अमोलचे बाबा गेले तेव्हापासून तू म्हणत होतीस की शाळा सुटली की इकडंच ये, दोघी मिळून बसनं हिंडू. मी म्हणायचे, बघू. शाळा सुटून दोन वर्षं झाली. तू मला तिकडं ओढत होतीस आणि मी तुला इकडं, आणि दोघींपैकी कुणीच सरळ म्हणत नव्हतं की मला एकटीला करमत नाही.

शनिवारी तू विचारलंस, "लिवलंस का?" मी म्हणाले, "सोमवारी नक्की." सोमवारी सकाळी मी पुण्याच्या गाडीत होते, आणि तू नव्हतीस.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी रेखानं मला एक प्लास्टिकची पिशवी आणून दिली. आत तुझा पास, आणि दोन फुलस्केप कागद. पहिल्या कागदाचा वरचा अर्धा भाग मोकळा. खाली तू पट्टीनं रेघा मारून रकाने आखले होते, नंबर, नाव, पत्ता, सही. तुझ्या रेघा नेहमीसारख्या खाली उतरत गेलेल्या. नावं कुणाची निळ्या शाईत, कुणाची काळ्या, दोन ठिकाणी अंगठे. तुझी स्वतःची सही नंबर दोनला होती, सातवीतल्या वळणाची, "सुमन" नंतर एक उगीचच टिंब. नंबर एकपुढं काहीच नव्हतं. आकडा नीट गोल करून लिहिला होता आणि पुढची ओळ कोरी.

मला वाटलं तू विसरलीस. रेखा म्हणाली, "विसरल्या न्हाईत, मावशी. म्या पण तेच इचारलं. तर म्हनल्या, एक नंबर वच्छीचा. लिवनार ती, आन रहायला बी यायली ती. तिची जागा धरून ठेवलीय."

मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले. तू दस्ती टाकायचं सोडलं होतंस ना, आक्का. पंधरा वर्षं माझ्याशी त्यावरून भांडलीस. मग हे काय होतं?

मजकूर मी त्याच दिवशी लिहिला असता. अडचण त्या ओळीची होती. अर्जाची सुरुवातच "आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी" अशी करायची, आणि मी तिथली रहिवासी नाही. मी आयुष्यात खोटी सही केली नाही, हजेरीपटावरसुद्धा नाही. ओळ तशीच सोडावी, तर ऑफिसातले साहेब विचारतील की एक नंबर कुठाय. त्या विचारात मला, गर्दी केली म्हणणाऱ्या त्या बाईला तू दिलेलं उत्तर आठवलं, जो थांब्यावर हुभा, तो तितला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी चप्पल घातली, तुझा पास नव्हे, माझी पर्स घेतली, आणि थांब्यावर जायला निघाले.

पहिल्या दिवशी मी एकटी थांब्यापर्यंत पोचलेच नाही. चौकातला हिरवा दिवा माझ्या गुडघ्यांना पुरत नाही. अर्ध्यात लाल झाला आणि मी दुभाजकाच्या टोकाला जाळी धरून उभी राहिले, ना इकडची ना तिकडची, दोन्ही बाजूंनी गाड्या. भीती वाटली, आणि तुझा राग आला. हे तू रोज करत होतीस आणि मला फोनवर फक्त कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते सांगत होतीस. एका बाईनं मागून येऊन माझा हात धरला आणि पलीकडं नेलं. पोळ्या करायला जाते ती, मंदाताई नाव. सह्यांत तिचा नंबर सहा. पलीकडं गेल्यावर तिनं माझ्या तोंडाकडं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही वच्छी ना? आजी म्हणायच्या, संक्रांतीनंतर येणार राहायला."

मी फक्त "बघू" म्हणाले होते. तू माझ्या "बघू"ला सण जोडून अख्ख्या थांब्याला सांगून टाकलं होतंस.

चार दिवस गेले मी रोज. थांब्यावर छप्पर नाही, बसायला कठडाही नाही. तिथं उभी राहून मी तुझं राहिलेलं निम्मं ऐकलं. कुणी सांगितलं की तू बसचे नंबर तोंडपाठ म्हणून दाखवायचीस. कुणी सांगितलं की नवीन आलेल्या माणसाला तू पहिल्यांदा शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन यायला लावायचीस, शहर कुठवर आलंय ते एकदा बघून ये म्हणायचीस. एक म्हातारे गृहस्थ रस्ता ओलांडणं जमेनासं झाल्यापासून घराबाहेरच पडत नाहीत, त्यांची सही तू घरी जाऊन आणलीस. मला हे सगळं तू सांगितलं असशीलही. मी चहा गाळत होते.

पाचव्या दिवशी अर्ज लिहिला. आधी शाळेतल्यासारखा लिहिला, "उपरोक्त विषयास अनुसरून". वाचून बघितला आणि फाडला. चौथा खर्डा जमला. सगळं सांगत नाही, शेवटचं वाक्य सांगते. "रस्ता मोठा झाला याचा आम्हाला आनंद आहे, पण बस ही कॅनॉलच्या पाण्यासारखी असावी, ती आधी टेलला पोचावी." तुझं नाव घालून लिहावं असं वाटलं होतं, पण अर्जात तशी पद्धत नाही. मग तुझ्या कागदावर उतरवायला घेतला. वरचा अर्धा भाग मोकळा होता ना, माझं अक्षर मोठं, मला वाटलं पुरणार नाही. बरोबर पुरला, रकान्याच्या वर बोटभर जागा राहिली. माझं अक्षर केवढं आहे ते तुला माहीत होतं.

मग एक नंबरपुढं माझं नाव लिहिलं. पत्त्याच्या रकान्यात तुझा पत्ता. सही केली. खोटं वाटलं नाही.

बसच्या ऑफिसात खिडकीतल्या माणसानं अर्ज उभ्यानंच वाचला. "टेल म्हणजे काय, मॅडम?" मी त्याला चारी सांगितली, वरची वावरं सांगितली, शेवटचं वावर सांगितलं. तो हसला नाही. "आमचंबी टेललाच हाय," म्हणाला आणि शिक्का मारला. काम होईल का विचारलं तर म्हणाला, वर पाठवतो. कुठल्या गावचा तू, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. तू असतीस तर पहिल्यांदा तेच विचारलं असतंस, आणि साडेसहाला मला त्याच्या बायकोचं माहेरसुद्धा कळलं असतं.

ऑफिसातून तुझ्या घरी परतताना बसला फारशी गर्दी नव्हती. दोघींची सीट मिळाली, मी खिडकीशी बसले. शेजारची जागा रिकामी. हात आपोआप पर्समध्ये गेला आणि दस्तीला लागला. खोटं कशाला बोलू, मी ती बाहेर काढली आणि शेजारी ठेवलीसुद्धा, नीट पसरून. दोन थांबे तशीच राहिली. लोक चढले, तिच्याकडं बघून पुढं गेले. त्या गावात तो कायदा चालत नाही असं मीच म्हणाले होते, पण पांढऱ्या केसांच्या बाईपुढं चालला.

तिसऱ्या थांब्यावर एक बाई चढली. कडेवर लेकरू नव्हतं, दोन्ही हातांत पिशव्या होत्या. ती येऊन दांडीला टेकली. या वेळी माझ्यासमोर पुस्तक नव्हतं. मी मान वर केली.

"कुणी आहे का हो इथं?" तिनं विचारलं.

मी दस्ती उचलली.

"न्हाई," म्हणाले. "बसा."